रक्त आतल्या आत का गोठत नाही?

प्रश्न : कापूस वेचताना पऱ्हाटीचं वाळलं बोंड बोटाला टोचतं, रक्त येतं आणि दोन-चार मिनिटांत थांबतं. मग तेच रक्त अंगात फिरताना का गोठत नाही? दुसरं, बाबांना मागच्या वर्षी हार्ट अटॅक आला. 75 मिलिग्रॅम ॲस्पिरिन चालू होती. बरं वाटतं म्हणून महिनाभरापासून त्यांनी ती सोडली. चालेल का?
— एक वाचक, दारव्हा तालुका

उत्तर : ताई, दुसऱ्याचं आधी सांगते. चालणार नाही. उद्याच बाबांना त्यांच्या डॉक्टरकडे न्या. पेरणी-वेचणीच्या धांदलीत गोळी सुटलेली माणसं माझ्या दवाखान्यात दरवर्षी येतात, आणि दरवर्षी माझा जीव खालीवर होतो.

बोटातल्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून मायक्रोस्कोपखाली पाहिला, की प्लेटलेट्स, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी, घोळक्यांनी चिकटलेल्या दिसतात. बाहेर येताच ही गत! आत मात्र त्यांना अस्तर आवरून धरतं. रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकच थर असतो. त्याला नुसता गिलावा समजू नका. या पेशी सतत प्रोस्टासायक्लिन आणि नायट्रिक ऑक्साइड ही रसायनं सोडतात, त्याने प्लेटलेट्स शांत राहतात. एक प्लेटलेट दुसरीला एडीपी नावाचं रसायन सोडून बोलावते. अस्तरावरचं एन्झाइम ते एडीपीच मोडून टाकतं. बोंड टोचलं की अस्तर फाटतं, खालचं कोलॅजन नावाचं धाग्यांसारखं प्रथिन उघडं पडतं आणि प्लेटलेट्स त्याला चिकटतात. आजूबाजूचं अस्तर शाबूत असतं, म्हणून गाठ जखमेपुरतीच राहते.

हृदयाच्या धमनीत चरबीचा थर फुटतो तेव्हा अस्तर असंच आतून फाटतं, तिथे गाठ धरते आणि हार्ट अटॅक येतो. तिथे ही गोळी कामी येते. प्लेटलेट्स थ्रॉम्बॉक्सेन नावाचा, इतर प्लेटलेट्सना चेतवणारा पदार्थ बनवतात; ॲस्पिरिन तो बनवणारं एन्झाइम कायमचं निकामी करतं. प्लेटलेटला केंद्रक नाही, नवं एन्झाइम तिला जमत नाही, 8-10 दिवसांचं आयुष्य तसंच जातं. अस्तराच्या पेशींना केंद्रक असतं, त्या नवं बनवून घेतात. ॲस्पिरिन हे एन्झाइम अडवतं, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी 1971 मध्ये दाखवलं, आणि प्रोस्टासायक्लिनही 1976 मध्ये त्यांच्याच गटाला सापडलं.

नव्या प्लेटलेट्स रोज येतात, म्हणून गोळीही रोज. महिनाभर बंद, म्हणजे आज बाबांच्या अंगात ॲस्पिरिनचा परिणाम झालेली एकही प्लेटलेट उरलेली नाही.

बाबा बिडी ओढतात का, ते तुम्ही लिहिलं नाही. ओढत असतील तर धुराने हेच अस्तर दुखावतं, तेही डॉक्टरांना सांगा. शौचाला डांबरासारखं काळं होत असेल किंवा पोटात जळजळ असेल, तर तेही लपवू नका. तो या गोळीचाच त्रास असू शकतो, आणि त्यावर उपाय आहेत.