‘आम्ही केलं’ नको, ‘मी केलं’ सांग

तू विचारलंस, “ताई, पुण्यात सहा वर्षं जावा प्रोग्रामिंगचं काम केलंय. म्युनिकला अ‍ॅमेझॉनसारख्या मोठ्या कंपनीत लागायचं तर लीटकोड या सरावाच्या वेबसाइटवरचे कोडिंगचे किती प्रश्न सोडवू?” दीडशे-दोनशे नीट समजून सोडवलेस तरी पुष्कळ झाले. माझं घोडं पेंड खात होतं ते दुसरीकडेच.

माझ्या पहिल्या मोठ्या मुलाखतीत (कंपनीचं नाव राहू दे) कोडिंगच्या दोन्ही फेऱ्या छान झाल्या. मग एका बाईंनी विचारलं, मॅनेजरशी पटलं नाही असा प्रसंग सांग. मी “आम्ही असं ठरवलं, आमच्या टीमनं तसं केलं” चालू केलं. त्यांनी तीनदा अडवलं: “यात तू काय केलंस?” आपल्याकडे मी-मी करणाऱ्याला आगाऊ म्हणतात, त्यामुळे ‘आम्ही’ जिभेवर बसलेलं. ऐकणाऱ्याला वाटतं, काम दुसऱ्यानं केलं आणि ही शेजारी उभी होती. नकार आला.

अ‍ॅमेझॉनमध्ये तर हे फारच महत्त्वाचं. त्यांची १६ ‘लीडरशिप प्रिन्सिपल्स’ आहेत. शेवटच्या टप्प्यात चार-पाच मुलाखती होतात आणि प्रत्येक मुलाखत घेणाऱ्याकडे त्यातली दोन-तीन तत्त्वं तपासायचं काम असतं. एक जण ‘बार रेझर’, म्हणजे तुला घेणाऱ्या टीमबाहेरचा माणूस. त्यानं नाही म्हटलं की संपलं. म्हणून स्वतःच्या कामातले आठ-दहा प्रसंग लिहून काढ: रात्री प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती चालू सिस्टिम) पडलं तेव्हा, क्लायंटला नाही म्हणालास तेव्हा. आकडे हवेतच, “रिपोर्ट फास्ट केला” नाही, किती मिनिटांवरून कितीवर आणला ते. एक प्रसंग खऱ्याखुऱ्या चुकीचा ठेव. “मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे” ऐकून ऐकून त्यांचे कान किटलेत.

सिस्टिम डिझाइनच्या फेरीत, म्हणजे एखादी मोठी सिस्टिम कशी बांधशील ते विचारतात तिथे, लगेच आकृतीचे चौकोन काढायला बसू नकोस. युजर किती, वाचन जास्त की लेखन, हे आधी विचार.

नोटीस ९० दिवसांची आहे हे पहिल्याच फोनवर सांग. जर्मनीतही तीन महिन्यांची नोटीस सर्रास असते, कोणी दचकत नाही. प्रोबेशन मात्र बहुधा सहा महिन्यांचं, आणि त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढू शकतात. तोवर पुण्यातलं घर विकायच्या भानगडीत पडू नकोस. पगाराचा आकडा कर आणि विमा कापण्याआधीचा असतो. घराचं डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याएवढं मागतात, तेवढी रक्कम हाताशी ठेव. ब्लू कार्डवर (शिकलेल्या परदेशी लोकांना नोकरीसाठी मिळणारा युरोपातला परवाना) आलास तर बायकोलाही नोकरी करता येते.

कामाच्या पद्धतीचं एकच सांगते. माझ्या पहिल्या डिझाइन रिव्ह्यूत एक सहकारी सगळ्यांसमोर म्हणाला, “हे चूक आहे.” मी दिवसभर फुगून बसले. त्याच्या गावीही नव्हतं. संध्याकाळी बिअरला चल म्हणाला.

आणि नोटिशीच्या त्या तीन महिन्यांत बोट क्लब रोडच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मन सुरू कर. ब्लू कार्डवर जर्मनची ए१ (अगदी सुरुवातीची) पातळी असेल तर २७ महिन्यांत, बी१ (मधली) असेल तर २१ महिन्यांत कायमचं राहण्याचा परवाना मागता येतो. इथे आल्यावर शिकू म्हणशील, पण ऑफिसात सगळे इंग्रजीच बोलतात. माझं तीन वर्षं तसंच राहिलं होतं.