काच बघायची कशी?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही हैदराबादला गेलो होतो. सालारजंग संग्रहालयात काचेच्या वस्तूंची दालनं पाहिली. पाहिली म्हणायचं इतकंच, कारण दहा मिनिटांत बाहेर आलो. झुंबरं, फुलदाण्या, सुरया, अत्तरदाण्या, पेले. पाटीवर देशाचं नाव आणि शतक. आठवीतला मुलगा म्हणाला, "आई, आजीच्या वाड्यात अशीच हंडी टांगलीय. मग तिकीट कशाला काढलं?" मला उत्तर सुचलं नाही. काचेच्या वस्तूत नेमकं बघायचं काय असतं?
*एक वाचक, विश्रामबाग, सांगली*

उत्तर : ताई, मुलाला आजीच्या हंडीखाली उभं करा आणि तिथूनच सुरुवात करा. त्याने दोन वस्तू एकमेकींशी ताडून पाहिल्या, हे दालनभर फिरून पाट्या वाचण्यापेक्षा मोठं काम आहे.

मी मूळची कराडची. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, ओगलेवाडीच्या काच कारखान्यात भट्टीवर होते. पुढे मी एका संग्रहालयात वस्तूंच्या नोंदी ठेवायचं काम तीस वर्षं केलं. दोन्हीकडून एकच सवय लागली. काचेची वस्तू हाती आली की आधी उलटी करायची आणि तळ बघायचा.

कारण असं आहे. कारागीर लोखंडी फुंकनळीच्या टोकावर वितळलेल्या काचेचा गोळा घेतो, फुंकून फुगवतो, फिरवत आकार देतो. पण तोंड घडवायचं तर नळी सोडवावी लागते. मग तळाला दुसरी सळई चिकटवतात, नळीकडची बाजू तोडतात आणि ते तोंड पुन्हा आगीत धरून गोल करतात. शेवटी सळईही झटका देऊन काढतात. तिथे एक खरखरीत वण राहतो. भारी वस्तूवर तो घासून गुळगुळीत केलेला असतो, तरी बोट फिरवलं की गोल खळगा लागतो. तो सापडला तर वस्तू हातावर घडलेली आहे असं समजायला हरकत नाही. याउलट अंगावरून दोन बाजूंना उभी बारीक रेघ गेलेली दिसली, तर ती साच्याची शीव. यंत्राने साच्यात काच दाबून भांडी काढायची रीत १८२० च्या दशकात अमेरिकेत सुरू झाली आणि काच गरिबाच्या टेबलावर आली. संग्रहालयात वस्तू उलटी करता येत नाही, पण बऱ्याच कपाटांत खाली आरसा किंवा काचेची फळी असते. मुलाला वाकून बघायला सांगा.

दुसरी गोष्ट रंगाची. आधी बिनरंगाच्या काचेपाशी थांबा, कारण तीच मिळवायला माणसाला सगळ्यात जास्त वेळ लागला. काच म्हणजे वाळू. नुसती वाळू वितळवायला सुमारे १७०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. सोडा घातला की ती बरीच कमी उष्णतेला वितळते, आणि चुना घातला की झालेली काच पाण्याने झिजत नाही. पण वाळूत लोखंडाचा अंश असतो आणि त्याने काच हिरवट होते. तुमच्या खिडकीच्या काचेची कड बघा, आजही हिरवीच दिसेल. इटलीत व्हेनिसजवळ मुरानो बेट आहे. आगीच्या भीतीने व्हेनिसच्या सरकारने १२९१ मध्ये सगळ्या काचभट्ट्या शहराबाहेर त्या बेटावर हलवल्या. तिथल्या कारागिरांनी पंधराव्या शतकाच्या मध्यावर वनस्पतींची राख शुद्ध करून, त्यात मँगनीज घालून तो हिरवेपणा मारला आणि स्फटिकासारखी काच काढली. ही कृती बाहेर जाऊ नये म्हणून कारागिरांना बेट सोडून जायची बंदी होती. व्हेनिसची जुनी काच बघाल तेव्हा तिच्या पातळपणाकडे लक्ष द्या. सोड्याची काच बराच वेळ मऊ राहते, म्हणून तिला फिरवून, ओढून, चिमटे घेऊन पाकळ्या आणि वेली काढता येतात. कापून नक्षी करायला मात्र ती फारशी सोसत नाही.

कापायची काच बोहेमियाची, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाची. तिथे जंगल भरपूर. लाकडाच्या राखेतलं पोटॅश घालून केलेली काच लवकर घट्ट होते, जाड आणि कठीण बनते. ती फिरत्या चाकावर धरून कोरायची. लाल किंवा निळी फुलदाणी आणि तिच्या अंगावर पांढऱ्या चकचकीत खिडक्या, अशी वस्तू तुम्ही नक्की पाहिली असेल. तिथे काच पांढरी रंगवलेली नाही. बिनरंगी काचेवर रंगीत काचेचा पातळ थर चढवून, तो जागोजागी कापून आतली काच उघडी केली आहे. कापलेल्या खिडकीची कड बारकाईने पाहिली की तो थर कागदासारखा दिसतो. मला विचाराल तर सगळ्या दालनात मुलाला ही एकच कड दाखवली तरी तिकीट वसूल झालं. निळा रंग कोबाल्टचा. आणि त्या गर्द लालमध्ये कधी कधी खरंच सोनं असतं, इतक्या बारीक कणांचं की डोळ्याला ते सोनेरी न दिसता माणकासारखं दिसतं.

झुंबरांच्या लोलकांची कथा इंग्लंडची. जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्टने १६७४ मध्ये शिसं घातलेल्या काचेचं पेटंट घेतलं. शिशाने काच जड होते, कापायला मऊ पडते आणि प्रकाश जास्त वाकवते. लोलकातून भिंतीवर सप्तरंग पडतात ते त्यामुळे. पुढे बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीने कोलकात्यात दुकान थाटलं आणि आपल्या संस्थानिकांना झुंबरंच काय, काचेच्या खुर्च्यासुद्धा विकल्या. याच कंपनीने १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात २७ फूट उंचीचं काचेचं कारंजं उभं केलं होतं. हैदराबादच्या मीर युसुफ अली खान, तिसरे सालारजंग (१८८९-१९४९), यांचा संग्रह अशा काळात वाढला. त्यांच्या पश्चात १९५१ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. त्यामुळे तिथली दालनं बघताना एका सरदाराच्या काळात युरोपातून भारताकडे काय काय येत होतं, हेही आपण बघत असतो.

आणि आपली काच? आपल्याकडच्या मोठ्या संग्रहालयांत अठराव्या शतकातली हुक्क्याची बुडं असतात, पाणी भरायची गोल भांडी, हिरवी किंवा निळी, सोन्याच्या फुलांची. त्यांच्यापाशी थांबा. पण त्याहून जुनं बघायला सांगलीहून कोल्हापूर गाठा. १९४५-४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया आणि मो. गं. दीक्षित यांनी पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर उत्खनन केलं. सातवाहन काळापासून बहामनी काळापर्यंतचे थर तिथे निघाले आणि बहामनी थरात रंगीत काचेच्या बांगड्यांचे तुकडे सापडले. तिथले अवशेष कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात आहेत. दीक्षितांनी नंतर भारतीय काचेचा इतिहास लिहिला, तो १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या बायकांच्या मनगटावरच्या तुकड्यांकडे इतक्या आस्थेने पाहणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

बांगडी फुटली असं आपण म्हणतही नाही, वाढली म्हणतो. ती हातातली बांगडी काढून मुलाला दाखवा. एका जागी किंचित जाड सांधा लागेल. फिरोजाबादला तापलेल्या काचेची तार फिरत्या दांडक्यावर गुंडाळून स्प्रिंगसारखा वेढा काढतात, तो हिरकणीने कापतात आणि एकेक वेढा दिव्याच्या ज्योतीवर जुळवतात. तो जुळवणाऱ्याच्या हाताचा सांधा. सालारजंगमधल्या वस्तूंइतकाच तो बघण्यासारखा आहे.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र आपल्याकडच्या पुष्कळ बांगड्या बोहेमियाहूनच येत. स्वदेशीच्या चळवळीत ते लोकांना डाचलं. एकेक पैसा गोळा करून उभारलेल्या पैसाफंडातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. पुढे पहिलं महायुद्ध पेटलं, ऑस्ट्रिया (बोहेमिया तेव्हा त्याच साम्राज्यात होता) आणि जर्मनीहून येणारा माल थांबला आणि देशी काचेला वाट मिळाली. त्याच काळात ओगले बंधूंनी औंधच्या राजेसाहेबांच्या आधाराने कराडजवळ कारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील तुमच्या आजींना विचारा, त्या सांगतील.

आप्पा घरच्या कंदिलाची काच रोज संध्याकाळी स्वतः पुसायचे, राखेने, फडकं आत घालून. मग ती उजेडाकडे धरून फिरवायचे. बुडबुडा दिसला की म्हणायचे, "भट्टीला उसंत दिली नाही ह्यात." काच पुरेसा वेळ तापत ठेवली नाही तर वायूचे बुडबुडे वर निघून जात नाहीत, आतच अडकतात. आम्ही भावंडं पेटत्या कंदिलाजवळ ओल्या हाताने गेलो की ओरडा बसायचा. तापल्या काचेवर पाण्याचा एक थेंब पडला की टच्‌कन तडा. त्यासाठीच घडलेली वस्तू लगेच बाहेर ठेवत नाहीत, मंद भट्टीत तासन्‌तास निववतात. दालनातली एवढी मोठी झुंबरं आणि घडे बघताना मला अजून पहिल्यांदा हेच सुचतं, की कुणीतरी हे सावकाश निववलं म्हणून ते इथवर आलं. कारखाना बंद पडला, आप्पाही गेले. कंदिलाची ती काच माझ्याकडे आहे, तिच्यात तीन बुडबुडे आहेत.

तुमच्या हंडीला घरात "बेल्जियमची" म्हणत असतील. आपल्याकडे चांगल्या काचेला सरसकट बेल्जियमची म्हणायची रीतच आहे. असेलही. शिडीवर कुणीतरी मोठ्याने चढून, हंडी न काढता, खालून तळाला बोट लावून बघा आणि काय लागलं ते कळवा.

प्रश्न : आमच्या देवघरात काचेवर रंगवलेलं लक्ष्मीचं जुनं चित्र आहे. फ्रेमला कसर लागली आहे आणि पदराचा रंग एका जागी निघाला आहे. उघडून, पुसून, नवी काच घालून घ्यावं का?
*एक वाचक, वाई*

उत्तर : काच बदलू नका. चित्र काचेवरच आहे, काच गेली की लक्ष्मी गेली.

हे कळवळून सांगते, कारण आमच्या मावशीकडचा गणपती असाच गेला. फ्रेम बदलायला दिली होती. दुकानातल्या माणसाला वाटलं मागे मळ साचलाय. त्याने ओल्या फडक्याने मागची बाजू स्वच्छ पुसली आणि मावशीच्या हातात कोरी काच आली, कोपऱ्यात थोडी सोंड राहिलेली. त्या माणसाने मुद्दाम केलं नव्हतं, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

असं चित्र काचेच्या मागच्या बाजूने, उलट क्रमाने रंगवतात. कागदावर आधी चेहरा आणि शेवटी डोळे. इथे डोळे, नथ, कुंकू, दागिन्यांच्या रेघा आधी, त्यावर अंगाचा रंग, मग वस्त्र, आणि सगळ्यात शेवटी मागची भिंत. चुकलं तर वरून दुरुस्त करता येत नाही. डावं-उजवंही उलट. अठराव्या शतकात चीनच्या कँटन बंदरातून अशी चित्रं भारतात येऊ लागली, मग आपल्या चित्रकारांनी ती रीत उचलून देवदेवता, नायिका, सरदार रंगवले. दागिन्यांच्या जागी मागून सोनेरी वर्ख लावलेला असतो. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात अशी चित्रं बघायला मिळतात. तिथे नथीची रेघ जवळून पाहा.

काच गुळगुळीत असते, रंग तिच्यात मुरत नाही, नुसता चिकटून राहतो. ओल आली की पापुद्रा सुटतो, आणि वाईचा पावसाळा तुम्हाला मी काय सांगू! म्हणून चित्र बाहेरच्या भिंतीवरून आतल्या कोरड्या भिंतीवर न्या. समईची धग आणि उदबत्तीचा धूर थेट लागू देऊ नका. पुढची बाजू कोरड्या मऊ कापडाने पुसा, काच पुसायचा फवारा नको. मागे हात लावायचाच नाही. रंग सुटत असेल तर भिंतीवरून काढून काच खाली आणि रंगाची बाजू वर, असं आडवं ठेवा, म्हणजे सुटलेला कण जागीच राहील. मोबाइलवर स्वच्छ फोटो काढून ठेवा. निघालेला पदर घरी रंगवू नका, चित्रांचं जतन करणाऱ्या जाणकाराला दाखवा. फ्रेमची कसरही त्यांनाच काढू द्या.

प्रश्न : काच हा खरं तर द्रव असून ती फार हळू वाहते, म्हणून जुन्या खिडक्यांच्या काचा खाली जाड असतात, असं मी वर्गात सांगत आले. एका विद्यार्थिनीने शंका काढली. बरोबर कोण?
*एक शिक्षिका, तासगाव*

उत्तर : विद्यार्थिनी. रोमन काळातले पातळ पेले दोन हजार वर्षांनंतरही आपल्या आकारात उभे आहेत. काच वाहत असती तर त्यांचा केव्हाच थापा झाला असता. काचेच्या आतली रचना द्रवासारखी अस्ताव्यस्त असते हे खरं, पण ती घट्ट गोठलेली असते.

जुन्या काचा जाडपातळ असतात त्या बनवण्याच्या रीतीमुळे. फुगवलेला गोळा सळईवर गरागरा फिरवून त्याची मोठी चकती करायची आणि तिचे तुकडे खिडकीला बसवायचे. चकती मध्ये जाड, कडेला पातळ. बसवणारा बहुधा जाड बाजू खाली ठेवायचा. इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट करायची रीत जाहीर केली, तेव्हापासून हा प्रश्न उरला नाही. तुमच्याकडे जुना वाडा असेल तर मुलींना समोरच्या भिंतीवर खडूने सरळ रेघ काढून ती खिडकीच्या काचेतून पाहायला लावा. डोकं डावी-उजवीकडे हलवलं की रेघ लाटेसारखी हलेल. वर्गातल्या नव्या खिडकीतून ती हलणार नाही.