रोजच्या त्याच त्या कामात उत्साह कुठून आणायचा?

तुम्ही लिहिलंय की वय २९, कोल्हापुरातल्या एका पतसंस्थेत चार वर्षं अकाउंटला आहात, पगार वेळेवर होतो, माणसं वाईट नाहीत, तरी सकाळी उठून जावंसं वाटत नाही. स्वतःचं पॅशन अजून सापडलेलं नाही, तर नोकरी सोडून ते शोधावं का, असा तुमचा प्रश्न आहे. ‘तुला तुझं काही सापडलंच नाही’ असं माझ्या थोरल्या भावानं पंचवीस वर्षांपूर्वी मला भर रस्त्यात सुनावलं होतं आणि तेव्हा मी गप्प बसले होते. म्हणून लिहायला घेतलं.

आधी मत सांगून टाकते. ‘पॅशन सापडणं’ हा शब्दप्रयोगच मला पटत नाही. आपल्याकडं त्याला नाद म्हणतात, आणि नाद कुणाला सापडत नाही, नाद लागतो. लागण्यासाठी त्या गोष्टीच्या जवळ बराच वेळ काढावा लागतो. तालमीत नवीन पोरगं येतं, ते पहिले कित्येक दिवस नुसता हौदा उकरतं. तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू कालवतं. १९१२ साली शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबाग कुस्ती मैदानात उतरायचं स्वप्न त्याच्या डोक्यात असेल-नसेल, पण नाद लागतो तो त्या मातीत हात घालता घालता.

माझा नाद वाळूचा. मी फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, सँड लॅबला आहे. ज्या वाळूचे साचे करतात ती आम्ही तपासतो.

१९९८ साली बी.एस्सी. केमिस्ट्री झाले. एम.एस्सी. करायचं होतं, घरच्या परिस्थितीमुळं जमलं नाही. शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत १८०० रुपयांवर लागले. काम काय, तर दर तासाला मिक्सरमधली वाळू आणायची, तिचं मॉइश्चर, म्हणजे पाण्याचं प्रमाण, काढायचं, ५० मिलिमीटरच्या नळीत तीन ठोके देऊन तिचा ठोकळा पाडायचा, त्याची ताकद आणि पर्मिएबिलिटी, म्हणजे त्यातून हवा किती जाते ते, बघायची आणि रजिस्टरमध्ये आकडे लिहायचे. पुढच्या तासाला पुन्हा तेच. आठ महिने मी हे केलं आणि त्या आठ महिन्यांत मला एकही दिवस आठवत नाही. तुमची आजची अवस्था मला पुस्तकातून समजलेली नाही, मी त्यातून गेलेय.

मग १९९९ चा जुलै आला. पाऊस असा की पंचगंगेवरचा राजाराम बंधारा कधीच पाण्याखाली गेलेला. दुसरी पाळी होती. चार वाजता मला लॅबमधून उठायचा कंटाळा आला. आदल्या चार तासांत मॉइश्चर ३.४ टक्के आलं होतं, मी पाचव्या ओळीतही ३.४ लिहिलं. पाच वाजता पुन्हा तेच. वाळूला हातही लावला नाही.

त्या दोन तासांत बाहेरून आलेली भिजकी नवी वाळू मिक्सरमध्ये पडली होती. मॉइश्चर किती गेलं असेल ते देव जाणे, पाचच्या वर नक्कीच. फौंड्रीतल्यांना पुढचं सांगायला नको, पण तुमच्यासाठी सांगते. साच्यात जवळपास १४०० अंशांचा लोखंडाचा रस पडला की वाळूतल्या पाण्याची वाफ होते आणि ती पाण्याच्या १६०० पटीहून जास्त जागा मागते. वाळूतून तिला वाट मिळाली नाही तर ती रसात घुसते. दुसऱ्या दिवशी शॉट ब्लास्टिंग होऊन, म्हणजे छऱ्यांच्या माऱ्यानं वाळू झाडून, पंप बॉडी बाहेर आल्या, तर बावीस नगांच्या अंगावर ब्लो होल. बोटाचं पेर जाईल एवढी भोकं.

लोखंड काय, पुन्हा वितळवता येतं. पण आमचे मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे भरणारे, ठेक्यावर होते, पैसे चांगल्या नगाचे मिळायचे. रजिस्टर उघडलं तर वाळू ३.४, म्हणजे ठीक. मग चूक कुणाची? साच्याचा बॉक्स भरणाऱ्याची. दोघा मोल्डरांचे त्या पाळीचे पैसे गेले. त्यातला एक माझ्याकडं बघून म्हणाला, “ताई, वाळू तर बरोबर हुती न्हवं?” मी “हो” म्हटलं.

हे मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलंय. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी मॅनेजरकडं गेले, आकडे न तपासता लिहिले होते ते सांगितलं आणि त्या दोघांचे पैसे माझ्या पगारातून कापा म्हटलं. त्यांनी कापले, आणि बरोबर केलं.

खरं शिक्षण त्यानंतर झालं. मोल्डिंगचे थोरले मिस्त्री, साठीला आलेले, सातवीपर्यंत शिकलेले, मला मिक्सरपाशी घेऊन गेले. ओरडले नाहीत. पट्ट्याखालची मूठभर काळी वाळू उचलून माझ्या तळहातावर ठेवली. गरम होती, कोळशाच्या भुकटीचा वास येत होता.

“दाब.”

दाबली.

“आता उघड. काय दिसतंय?”

ढेकळावर माझ्या चार बोटांच्या खाचा उठल्या होत्या. नीट बघितलं तर तळहाताच्या बारीक रेषासुद्धा.

“आता मदनं मोड.”

मोडलं. दोन तुकडे झाले, कडा धारदार राहिल्या.

“ही चांगली. कडा ढासळल्या तर कोरडी. हाताला चिकटून ऱ्हायली तर वली. मशीन काय सांगायचं ते सांगू दे, आदी मूठ काय म्हणत्या ते बघायचं. आन् बघून सोडायचं न्हाई, आकडा सांगायचा. चुकंना का.”

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. तेव्हापासून मी रजिस्टरच्या समासात पेन्सिलीनं आधी अंदाज लिहायला लागले. मूठ दाबायची, आकडा लिहायचा, मग स्पीडीच्या, म्हणजे मॉइश्चर मोजायच्या, बाटलीत वाळू आणि कार्बाइडची पूड घालून हलवायची आणि गॅसच्या दाबानं काटा कुठं जातो ते बघायचं. पहिल्या महिन्यात माझे अंदाज एक-एक टक्क्यानं चुकत होते. गणपतीपर्यंत अर्ध्यावर आले. दिवाळीच्या सुमारास बहुतेक वेळा दोन दशांशांच्या आत यायला लागले. काटा वर सरकताना माझा श्वास अडकायचा. तेच काम, तोच पगार, तीच बाटली, आणि मी घरातून निघताना आभाळाकडं बघून ठरवायला लागले की आज पहिलं रीडिंग चारच्या वर जाणार. बसमध्ये बसल्या बसल्या बोटं आपोआप मुठीत वळायची.

मला वाटतं उत्साहाचं मूळ इथंच आहे. आपण आधी काहीतरी पैजेला लावलेलं असलं पाहिजे आणि ते खरं की खोटं हे लगेच कळलं पाहिजे. नुसतं रीडिंग घेणाऱ्याला काट्याशी काय देणंघेणं? मी आठ महिने आकडे उतरवत होते, त्यातला एकही आकडा माझा नव्हता.

आता भावाचं. दादा पुण्यात. २००१ साली एका लग्नासाठी आला होता. रात्री आम्ही खरी कॉर्नरला उभे होतो. कोल्हापूरकरांना माहीत आहे, तिथं चित्रपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांच्या आठवणीचा कॅमेऱ्याचा स्तंभ आहे. त्याकडं बोट करून दादा म्हणाला, “याला म्हणतात पॅशन. स्वतः कॅमेरा बनवला माणसानं. आणि तू बघ, वाळू चिवडत बसलीयास. तुला तुझं काही सापडलंच नाही.” सगळ्या भाचरांसमोर. मी काही बोलले नाही, पण ते वाक्य माझ्या मनात कुसळासारखं राहिलं.

दादा, तू हे वाचशील की नाही माहीत नाही, पण आता उत्तर देते. बाबूराव पेंटरांना कॅमेरा आभाळातून सुचला नव्हता. मेस्त्री घराण्यातला माणूस. शाळेपेक्षा हातानं शिकलेला. मूर्तिकाम, चित्रकाम, नाटक कंपन्यांचे पडदे, हे सगळं चुलतभाऊ आनंदरावांबरोबर वर्षानुवर्षं केलेलं. ‘पेंटर’ हे नावच कामानं पडलेलं. कॅमेरा पुरा व्हायच्या आधीच १९१६ साली आनंदराव गेले. त्यानंतरही बाबूराव त्याच कामाला चिकटून राहिले, कॅमेरा पुरा झाला आणि १९२० साली त्यांचा पहिला चित्रपट पडद्यावर आला. तू त्या स्तंभात फक्त शेवट बघतोस. पडदे रंगवण्यात गेलेल्या त्या सगळ्या दिवसांना तूही ‘रंग चिवडणं’च म्हणाला असतास.

आणि हेही म्हणते, राग मानू नकोस. त्या रात्रीनंतर तू तीन नोकऱ्या सोडल्यास, दर वेळी ‘हे माझं नाही’ म्हणून. एकाही ठिकाणी तू चुकण्याइतका वेळ थांबला नाहीस. मला त्याचं वाईट वाटतं, कारण आपल्या दोघांत हुशार तू होतास.

असो. तुमच्याकडं येते.

पतसंस्थेत उद्यापासून एवढं करून बघा. संध्याकाळी कॅश मोजायच्या आधी, दिवसभराची गर्दी आठवून शिल्लक किती असेल तो आकडा पेन्सिलीनं लिहा. महिन्याच्या पहिल्या तारखेला कर्जखाती चाळून कुठल्या पाच जणांचा हप्ता चुकणार ते लिहून ठेवा आणि महिनाअखेरीला पडताळा. का चुकला त्याचा पण अंदाज करा: ऊसबिल लांबलं, घरात आजारपण, की दुकानच चालत नाही. ट्रायल बॅलन्स, म्हणजे नावे-जमेच्या बेरजा, जुळत नसेल तर सॉफ्टवेअरमध्ये शोधाशोध करण्याआधी फरकाकडं दोन मिनिटं बघा. ९ नं भाग गेला तर बहुतेक आकडे उलटसुलट पडलेत, हे तुम्हाला माहीतच असणार. पण कुणाच्या हातून, कुठल्या खात्यात, हे आधी म्हणा आणि मग उघडा. चुकाल. चुकलेलं खोडू नका.

घरी पण हेच चालतं. मी भाकरीचं पीठ मळताना पाण्याचा अंदाज आधी करते, कारण नव्या जोंधळ्याचं पीठ जुन्यासारखं पाणी घेत नाही. सासूबाई हसायच्या, पण त्यांनाही नंतर सवय लागली, “आज किती?” म्हणून विचारायच्या.

नोकरी सोडावी का, हे मी ठरवू शकत नाही, तुमच्या घरचं मला माहीत नाही. तीन महिने अशी वही ठेवा. वही भरूनही तुमचा अंदाज सुधारावा असं तुम्हालाच वाटलं नाही, तर ते काम तुमचं नसेल, मग खुशाल सोडा. पण वही न ठेवता सोडलीत तर पुढच्या ठिकाणी पण हेच होईल असं मला वाटतं.

दोन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या आता सांगते. वरिष्ठ रोज अपमान करत असेल किंवा खोट्या नोंदी करायला लावत असेल, तर त्यावर पेन्सिल-वहीचा उपाय नाही, तिथून निघा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. तुम्ही लिहिलंय की सकाळी उठावंसं वाटत नाही. ते फक्त ऑफिसपुरतं आहे, की रविवारी पण तसंच वाटतं? रंकाळ्यावर जाणं, मित्र, जेवण, मॅच, कशातच जीव लागत नसेल, झोप बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, तर माझं सगळं उत्तर बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. १४४१६ वर टेली मानस ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी सेवा आहे, फोनला पैसे लागत नाहीत. माझ्या ओळखीतल्या एका मुलाला आम्ही सगळे वर्षभर ‘आळशी’ म्हणत होतो, आणि तो आजारी होता.