हात वाकतो, घोंगडी वाकत नाही

वाचकांचे प्रश्न : ॲनिमेशन

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न टेक्स्चर (कापड-कागदाचा पोत) दिलेल्या वेक्टर, म्हणजे पॉइंट आणि रेषांनी बनलेल्या, पात्रांना बोन, म्हणजे पात्र हलवणारी आतली हाडं, लावण्याबद्दलचे आहेत. प्रश्न विचारणारे बरेचसे वाचक मोहो हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर वापरतात, म्हणून उत्तरंही मोहोतली. मोफत सॉफ्टवेअरचं शेवटी.

प्रश्न : मेंढपाळाचं वेक्टर पात्र केलंय. अंगावरच्या घोंगडीला फिल इफेक्टमधून लोकरीचा फोटो दिला. बोन फिरवला की घोंगडीचा आकार वाकतो, पण वीण जागची हलत नाही. बाइंडिंग (बोनशी बांधणं) तीनदा नव्याने केलं. चूक कुठे होतेय? (सांगली)

उत्तर : बाइंडिंग बरोबर आहे, चौथ्यांदा करू नका. बोन हलवतो ते आकाराचे पॉइंट. फिलमधला फोटो कुठल्याच पॉइंटला बांधलेला नसतो, तो नुसता आकारात भरलेला असतो. आकार वाकला की त्याच फोटोचा दुसरा तुकडा दिसायला लागतो, एवढंच. कागदाचा खरखरीतपणा किंवा रंगाचे शिंतोडे असतील तर हे खपून जातं, काहींना आवडतंही. घोंगडीच्या विणीला दिशा असते, त्यामुळे तिथे लगेच पकडलं जातं.

फोटो फिलमधून काढा आणि त्याला स्वतःचा इमेज लेयर द्या. इमेज लेयरला बोन वाकवू शकतात. बोन लेयरच्या आत हातावरच्या घोंगडीसाठी एक ग्रुप करा. त्यात सगळ्यांत खाली साध्या रंगाचा वेक्टर आकार, त्यावर लोकरीच्या फोटोची पीएनजी (चित्राची फाइल) आणि सगळ्यांत वर बाह्यरेषेचा वेगळा वेक्टर लेयर. ग्रुपच्या मास्किंगमध्ये ‘हाइड ऑल’ निवडा, खालच्या आकाराला ‘ॲड टू मास्क’, पीएनजीला ‘मास्क धिस लेयर’ आणि रेषेला ‘डोन्ट मास्क’. वेक्टर आकार आता कात्रीचं काम करतो आणि फोटो कापडाचं. खालच्या आकाराला लोकरीचा सरासरी रंग द्या. कुठे केसाएवढी फट पडली तरी ती दिसणार नाही.

यानंतर दंडाचा आणि हाताचा असे दोनच बोन निवडा आणि तिन्ही लेयरना ‘यूज सिलेक्टेड बोन्स फॉर फ्लेक्सी-बाइंडिंग’ द्या, म्हणजे लेयर फक्त याच दोन बोननी वाकतील. हे राहून गेलं तर पाठीचा बोनही लोकर ओढतो. अख्खा ग्रुप ‘बाइंड लेयर’ने एकाच बोनला बांधलात तर हात लाटण्यासारखा ताठ फिरेल.

जुळणी बिघडते ती एका ठरावीक ठिकाणी. आकाराचे पॉइंट ‘बाइंड पॉइंट्स’ने एकेका बोनला बांधलेले आणि फोटो मात्र फ्लेक्सी, असं झालं की दोघं दोन वाटांनी जातात आणि कोपराजवळ फोटो आकारातून निसटतो. दोघांना एकच पद्धत द्या. शिवाय फोटो आकाराच्या कडेबाहेर १५–२० पिक्सेल जास्त ठेवा. शिंपी शिवणीत कापड सोडतो तसं. प्रो आवृत्तीत (१२ पासून पुढे) याहून चोख मार्ग आहे : मेश (पॉइंटांचं जाळं) काढायची, तिचे पॉइंट बोनना बांधायचे आणि आकार, फोटो, रेषा तिघांनाही तीच मेश ‘स्मार्ट वार्प’ म्हणून द्यायची. तिघं एकाच जाळ्यावर असल्याने वेगळे होण्याचा प्रश्नच राहत नाही.

हे सगळं ० क्रमांकाच्या फ्रेमवर करा. २४व्या फ्रेमवर फोटो ‘जरासा’ सरकवलात तर तिथे ‘की’ (जागेची नोंद) तयार होते आणि मग पहिल्या फ्रेमपासून लोकर हळूहळू वाहत जाताना दिसते.

प्रश्न : कोपर वाकवलं की आतल्या बाजूला टेक्स्चर चिमटतं आणि बाहेरून रबरासारखं ताणलं जातं. (नाशिक)

उत्तर : थोडं ताणणं राहणारच, कारण सपाट चित्र दुमडतोय आपण. प्रश्न किती वाकवायचंय हा आहे.

साधारण ६०–७० अंशांपर्यंत एकसंध हात चालतो. कोपराच्या प्रत्येक बाजूला तीन पॉइंट ठेवा : एक सांध्यावर, एक वर, एक खाली. पॉइंट वाढवले की हात गुळगुळीत होईल असं वाटतं, प्रत्यक्षात गुठळ्या येतात. बोन स्ट्रेंग्थच्या टूलने दोन्ही बोनची प्रभावक्षेत्रं सांध्यावर एकमेकांत शिरलेली हवीत. एकाचं फार मोठं असेल तर वाक कोपराऐवजी मनगटाकडे सरकतो.

त्यापुढे साधारण १०० अंशांपर्यंत स्मार्ट बोन (फिरला की ठरवलेली दुरुस्ती आपोआप करणारा बोन) वापरा. हाताच्या बोनच्या नावाचीच ॲक्शन तयार करा, तिच्यात बोन कमाल कोनापर्यंत वळवा आणि आतल्या कडेचे पॉइंट हाताने सारखे करा. बोन उलट्या बाजूलाही वळणार असेल तर दुसरी ॲक्शन लागते. तिचं नाव तेच, फक्त पुढे एक जागा सोडून २ हा आकडा. फोटो मेशवर असेल तर आकाराचे नाही, मेशचे पॉइंट दुरुस्त करा.

हात छातीशी दुमडायचाच असेल तर मात्र दंड आणि हात वेगळे करा. दोघांची सांध्याकडची टोकं गोल, गोलाचा व्यास बाहीच्या रुंदीइतका आणि बोनचा सांधा बरोब्बर गोलाच्या मध्यावर. सांधे असलेल्या चामडी बाहुल्या याच तत्त्वावर फिरतात. वरच्या तुकड्याच्या पीएनजीची सांध्याकडची कड चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये ३० पिक्सेलभर पारदर्शकतेत विरघळवा आणि त्याच्या मास्कच्या आकाराला ‘ॲड टू मास्क, बट कीप इनव्हिजिबल’ द्या. लोकर, खादी, गोणपाट असलं कापड यात बेमालूम मिसळतं. पट्ट्यापट्ट्यांचा सदरा मिसळत नाही. तो बाही दुमडलेली दाखवून सोडवा.

आणि टेक्स्चरमध्येच सावली रंगवू नका. हात वर गेला की ती सावलीही उजेडाच्या बाजूला जाते.

प्रश्न : खडूसारखी ब्रश-रेष वापरली आहे. पात्र चालताना रेषेतले कण मुंग्यांसारखे पळतात. (पणजी)

उत्तर : ब्रश म्हणजे रेषेवर ठरावीक अंतराने मारलेले शिक्के. बोनने रेष लांब-आखूड झाली की शिक्क्यांची संख्या आणि जागा बदलते, म्हणून ते पळतात. शिक्क्यांचं अंतर कमी करा, कोनातला अनियमितपणा शून्यावर आणा आणि जिथे ताण पडतो तिथे रेष तोडून दोन वेगळे स्ट्रोक करा. तरीही खुपत असेल तर खडूची रेष पीएनजीतच काढून टाका आणि वेक्टर नुसता मास्क म्हणून ठेवा.

प्रश्न : आजीला इरकली नऊवारी नेसवायची आहे. टाइल केलेल्या (एकच तुकडा पुन्हापुन्हा जोडलेल्या) टेक्स्चरमध्ये काठ कुठेही येतो. काठ कडेलाच कसा राहील? चोळी खणाची आहे. (सोलापूर)

उत्तर : काठ आणि अंग एकाच टेक्स्चरमध्ये कधीच घेऊ नका. अंगाचं टेक्स्चर वरच्या पद्धतीने मास्कमध्ये, आणि काठ म्हणजे स्वतंत्र सरळ पट्टी, समजा २००० बाय १६० पिक्सेल.

० फ्रेमवर साडीची खालची कड सरळच काढा. पट्टी तिच्यावर बसवा आणि कडेने सारख्या लांबीच्या ५–६ बोनची साखळी टाका. पट्टीला फ्लेक्सी-बाइंडिंग फक्त याच साखळीचं, आणि साडीच्या अंगाला ही साखळी व मांड्यांचे बोन दोन्ही. वळण १ल्या फ्रेमपासून बोनने आणायचं. आधीच वळलेल्या कडेवर सरळ पट्टी चिकटवायला गेलात तर नक्षी एका टोकाला दाटते आणि दुसरीकडे पसरते.

नऊवारीचे भाग वेगळे करावेच लागतात : पुढच्या निऱ्या, दोन्ही पायांवरचे भाग आणि मागचा काष्टा. पाऊल पुढे पडताना काष्ट्याचा काठ मागच्या पायाआडून दिसायला हवा, तो लेयरच्या क्रमानेच साधतो. काठाच्या साखळीला बोन डायनॅमिक्स (आपोआप झुलणं) द्यायचं असेल तर डॅम्पिंग (झुलणं आवरणारा आकडा) वाढवून द्या. इरकल जड असते, ती ओढणीसारखी भुरभुरत नाही.

चोळीला यातलं काहीही लागत नाही. छाती वाकत नाही, तेव्हा खण छातीच्या एकाच बोनला बांधून टाका. त्याची बुट्टी इतकी बारीक असते की जरा ताणली तरी लगेच दिसते.

प्रश्न : बारा टेक्स्चर टाकल्यापासून संगणक गुदमरतोय. पीएनजी तर प्रत्येकी दोन-तीन एमबीचीच आहे. (पुणे)

उत्तर : डिस्कवरचा आकार विसरा. मेमरीत पीएनजी उलगडते आणि प्रत्येक पिक्सेल ४ बाइट घेतो. ४०९६ बाय ४०९६ चं एक चित्र ६४ एमबी, अशी बारा म्हणजे ७६८ एमबी. हीच चित्रं १०२४ ची केली तर सगळी मिळून ४८.

सगळ्यांत जवळच्या शॉटमध्ये तो भाग पडद्यावर किती पिक्सेल दिसतो ते मोजा. १९२० बाय १०८० च्या चौकटीत बाही २५० पिक्सेल असेल आणि क्लोज-अप तिप्पट असेल तर ७५० लागतात. हजाराचं चित्र पुरेसं आहे. मोठ्या चित्राचा आणखी एक तोटा : वीण पडद्यावर एक-दोन पिक्सेलची झाली की पात्र हलताना ती लुकलुकते. धागा निदान ४ पिक्सेलचा दिसू द्या.

प्रश्न : मोहो परवडत नाही. मोफत काय आहे? (लातूर)

उत्तर : सिनफिग आणि ओपनटून्झ.

सिनफिगमध्ये आकारावर फोटो ठेवून त्याला ‘ऑन्टो’ ब्लेंड पद्धत द्या म्हणजे तो आकारापुरताच दिसतो. मग दोघांच्या वर ‘स्केलेटन डिफॉर्मेशन’ लेयर टाका. तो खालचं सगळं एकत्र वाकवतो, त्यामुळे सांगलीच्या वाचकाची अडचण इथे येतच नाही. त्या लेयरला दोन कोपऱ्यांनी ठरणारी चौकट असते. पात्र पूर्ण तिच्या आत आहे ना ते आधी बघा, नाहीतर बोटं कापलेली दिसतील. वाक टोकेरी येत असेल तर उभे-आडवे विभाग वाढवा. रेंडर (अंतिम चित्र तयार होणं) मात्र त्या प्रमाणात रेंगाळतं. नुसता ‘स्केलेटन’ लेयर वेगळा, तो पॉइंटच हलवतो. टेक्स्चरसाठी तो घेऊ नका.

ओपनटून्झ हे टून्झ या जुन्या ॲनिमेशन सॉफ्टवेअरचं २०१६ मध्ये मुक्त केलेलं रूप. त्यातल्या प्लास्टिक टूलने चित्रावर मेश तयार होते आणि त्याच टूलने सांगाडा टाकता येतो. त्यात कडकपणा ब्रशने रंगवता येतो : जे भाग ताणले जायला नकोत, म्हणजे काठ, गुंड्या, चेहरा, ते कडक रंगवा आणि कोपर, गुडघे लवचीक ठेवा. नऊवारीवाल्या वाचकांनीही हे करून बघायला हरकत नाही.