60,000चं सॅशे दर रविवारी, पण किती दिवस?

तुम्ही विचारलंय ते असं: आईचं वय 67, सर्दी-खोकला सारखा. गेल्या वर्षी व्हिटॅमिन डी 11 आलं, म्हणून डॉक्टरांनी 60,000 युनिटचं सॅशे आठवड्याला एक, असं 8 आठवडे दिलं. कोर्स संपून 10 महिने झाले तरी प्रतिकारशक्तीसाठी म्हणून आई दर रविवारी दुधातून घेतातच. बंद करावं का?

करा. या रविवारचं देऊ नका आणि त्याच डॉक्टरांना दाखवून या. मध्ये एखादा रविवार गेला तर काही बिघडत नाही. डी अंगात साठून राहतं, रक्तातली पातळी निम्म्यावर यायलाच दोन-तीन आठवडे जातात.

मी फार्मासिस्ट आहे, कऱ्हाडला 17 वर्षं काउंटरवर उभी आहे. कोरोनाच्या साथीत झिंक, सी आणि हे सॅशे असा जोडच मागायचे लोक. साथ गेली, पण सॅशे बऱ्याच घरांत राहिलं.

डॉक्टरांनी कोर्स दिला तो योग्यच होता. 20च्या खाली म्हणजे कमतरता, आणि 11 तर बरंच खाली. पण मोठ्या माणसाची रोजची गरज 600 ते 800 युनिटची. म्हणजे एका सॅशेत अडीच-तीन महिन्यांचा शिधा असतो. रिकामी कणगी भरायला हा डोस आहे, आणि ती 8 आठवड्यांत भरते. त्यानंतर आईंनी दर रविवार धरला तर 40च्या वर सॅशे गेली, पंचवीस लाख युनिटांच्या आसपास. रोजचा हिशेब साडेआठ हजारांवर जातो, आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय रोज 4,000च्या वर जाऊ नये असं मानतात.

याने त्यांना त्रास झालाच असेल असं नाही. पुष्कळांना होत नाही. पण ज्यांना होतो, त्यांचं मी पाहिलंय. आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी यायचे. चिठ्ठीवरचं 'आठवड्यातून एक' त्यांनी 'रोज एक' असं वाचलं आणि वेगवेगळ्या दुकानांतून कॅप्सूल नेत राहिले. माझ्याकडे ते इसबगोल मागायला आले. दहा दिवसांत दुसऱ्यांदा आले, तेव्हाही मी फक्त पुडा दिला. आणखी काय चालू आहे, हे विचारलं नाही. नंतर त्यांच्या पत्नीने सांगितलं, रात्रीतून उशाचा तांब्या दोनदा रिकामा व्हायचा, जेवण नकोसं झालं होतं आणि एका संध्याकाळी त्यांना घरातलाच जिना ओळखू येईना. कॅल्शियम 14च्या वर निघालं. नऊ दिवस सलाइनवर होते. वाचले. तेव्हापासून इसबगोल मागणाऱ्या प्रत्येक वयस्कर माणसाला मी विचारते, डीचं काही घेता का?

डी जास्त झालं की रक्तातलं कॅल्शियम चढतं. बद्धकोष्ठ, तहान, मळमळ, सारखी लघवी, विसराळूपणा हे सगळं त्यातून येतं, आणि मूत्रपिंडावर ताण पडतो. ही लक्षणं घरात वयावर ढकलली जातात, म्हणूनच सापडत नाहीत. आईंना यातलं काही दिसत असेल तर थांबू नका. त्या कॅल्शियमच्या गोळ्या घेत असतील, ब्लडप्रेशरसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल किंवा पूर्वी मुतखडा झाला असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा.

आता प्रतिकारशक्तीचं. डीचा तिच्याशी संबंध नाही असं मी म्हणणार नाही, कारण तो आहे. 2006 मध्ये लॉस एंजेलिसच्या संशोधकांनी दाखवलं की क्षयाचा जंतू दिसला की आपल्या पांढऱ्या पेशी डी वापरून जंतू मारणारं एक प्रथिन तयार करतात. डी कमी असलं तर ते प्रथिनही कमी. मग डी दिलं तर क्षयाची लागण कमी होईल, अशी आशा होती. मंगोलियात उलानबातरच्या 8,851 शाळकरी मुलांवर हे करून पाहिलं, त्यांतल्या जवळपास सगळ्यांचं डी कमी होतं. निम्म्या मुलांना दर आठवड्याला 14,000 युनिट, तीन वर्षं. डी वाढलं, लागण मात्र दोन्ही गटांत सारखीच राहिली. 2020 मध्ये हा निकाल आला.

सर्दी-खोकल्याचंही तसंच काहीसं. 2017 मध्ये 25 चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा थोडा फायदा दिसला होता, तोही मुख्यतः ज्यांचं डी 10च्या खाली होतं आणि जे रोज किंवा आठवड्याला थोडं थोडं घेत होते त्यांना. पुढे आणखी चाचण्या जमल्या आणि 2025च्या मोजणीत तो फायदा जवळजवळ विरला. भरलेल्या कणगीत आणखी ओतून सर्दी थांबते, असं कुठेच दिसलेलं नाही.

उन्हाबद्दल एक, कारण आई बहुतेक सकाळी गच्चीत बसत असतील. कोवळ्या उन्हात डी फारसं बनत नाही, त्याला लागणारे किरण तेव्हा तिरपे आणि क्षीण असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते, तेव्हाचं ऊन कामाचं. हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ बसलं तरी चालतं, भाजून घ्यायचं नाही. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा यासाठी उपयोग नाही.

डॉक्टरांकडे गेलात की डीबरोबर कॅल्शियम आणि क्रिएटिनिनही (मूत्रपिंड नीट चालतंय का ते सांगणारी रक्ततपासणी) तपासायला सांगा. पुढे रोजचा छोटा डोस ठेवायचा की काहीच नाही, ते आकडे बघून तेच ठरवतील. ठेवलाच तर तो जेवणाबरोबर घ्यायचा, आणि कधी थांबवायचा ती तारीख चिठ्ठीवर लिहून घ्या.

आणि सारखा खोकला का येतो हे वेगळं शोधा. साखर तपासली आहे का? दमा, पित्त वर येणं? फ्लूची लस घेतली आहे का? मला सर्वात जास्त काळजी वाटते ती ही, की दर रविवारच्या सॅशेमुळे 'उपाय चालू आहे' असं वाटून खोकल्याकडे दुर्लक्ष झालं असेल. एका वेळचा खोकला दोन आठवड्यांपेक्षा लांबत असेल, तर सरकारी दवाखान्यात क्षयासाठी थुंकीची तपासणी आधी करून घ्या. ती मोफत होते.