गावी एकटे राहणारे आईवडील: शहरात आणावेत, तिथेच माणूस ठेवावा की वृद्धाश्रम?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: वडील 78, आई 73, दोघंच गावी. वडील वर्षात दोनदा पडले. तुम्ही ठाण्यात, भाऊ पुण्यात. भाऊ म्हणतो घर विकून दोघांना शहरात आणू, तुम्हाला वाटतं गावीच माणूस ठेवावा, आणि कुणीतरी एक चांगला वृद्धाश्रम सुचवलाय. यातलं काय बरोबर?

प्रश्न मी दोनदा वाचला. त्यात तुमच्या आईवडिलांना काय हवंय ते एकदाही आलेलं नाही. आणि तुमची बायको तर कुठेच नाही. रात्री दोन वाजता हाक आली की उठणार कोण, ते आधी ठरवा. मी सून आहे, त्यामुळे मला हेच पहिलं दिसतं.

आमचं गाव दापोली तालुक्यात. सासरे, म्हणजे अप्पा, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मास्तर म्हणून निवृत्त झालेले. जांभ्याचं घर, मागे नारळ-पोफळीचं लहानसं आगर. 2016 च्या गणपतीत पडवीत बैठक बसली. आमचे हे, बडोद्याच्या वन्सं आणि दोन चुलत दीर. आई, म्हणजे सासूबाई, आत मोदकाचं सारण परतत होत्या, अप्पा बाहेर निरांजनं घासत होते. पाऊण तासात ठरलं की दोघांनी डोंबिवलीला आमच्याकडे यायचं. वन्संनीच सगळ्यात जोर लावला, "आता त्यांना एकटं ठेवणं बरं दिसत नाही." कुणाला बरं दिसत नाही, हे तेव्हा विचारायला हवं होतं. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते, मला कुणी विचारलं नाही आणि मीही बोलले नाही. अप्पांना सांगितलं, "दिवाळीला चला, मग बघू."

"मग बघू" वर विश्वास ठेवणारी ती शेवटची पिढी.

आमची बिल्डिंग जुनी, दुसरा मजला, लिफ्ट नाही. छत्तीस पायऱ्या. मी त्या कधी मोजल्या नव्हत्या, अप्पांनी पहिल्याच दिवशी मोजल्या. पहिले दोन महिने ते उतरायचे, कोपऱ्यावरून पेपर आणायचे. मग गुडघा धरला आणि उतरणं बंद झालं. गावी हा माणूस रोज संध्याकाळी टपरीपर्यंत जायचा, चार लोकांना शुद्धलेखन शिकवून परत यायचा. इथे गॅलरीतल्या खुर्चीत बसून खाली रिक्षा वळताना बघायचा. पेन्शन त्यांची स्वतःची, पण एटीएम कार्ड ह्यांच्याकडे. दाढीच्या पात्यासाठी त्यांना माझ्याकडे वीस रुपये मागावे लागायचे. मागताना ते माझ्याकडे बघायचे नाहीत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

पुढच्या पावसाळ्यात मी चपलांचं कपाट आवरत होते. अप्पांच्या चामड्याच्या वहाणा खालच्या कप्प्यात होत्या. अंगठ्याच्या जागी पडलेल्या खळग्यात हिरवट पांढरी बुरशी आली होती. मी त्या पुसून खोबरेल लावून परत ठेवल्या आणि घरात कुणाला काही बोलले नाही.

ऑगस्टमध्ये ते रात्री बाथरूमच्या उंबऱ्याला अडखळून पडले. हाड वाचलं. पण दुसऱ्या दिवसापासून असंबद्ध बोलायला लागले. मला म्हणाले, "गोठ्याचं दार लावलंस का? कपिला बाहेर आहे." गाय विकून दहा वर्षं झाली होती. रात्रभर जागे, मध्येच मला आईच समजायचे. शेजारच्या काकू बघायला आल्या आणि जाताना जिन्यात म्हणाल्या, "डोक्यावर परिणाम झालाय, आता हे असंच." वन्संनी फोनवर रडून घेतलं. दवाखान्यात रक्त तपासलं तर सोडियम 116. ते साधारण 135 च्या वर लागतं. बीपीची गोळी लघवी जास्त करवणारी होती आणि वर मी त्यांचं मीठ तोडलं होतं. कुणीतरी सांगितलं म्हणून, हौसेने. गोळी बदलली, सोडियम हळूहळू वर आणलं आणि चौथ्या दिवशी अप्पांनी नर्सला तिच्या रजिस्टरातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दाखवल्या. म्हणून सांगते, म्हातारं माणूस एकाएकी भ्रमिष्टासारखं करू लागलं तर "वय झालं" म्हणून घरी बसू नका. सोडियम, लघवीचा संसर्ग, नवीन सुरू झालेली गोळी, हे आधी बघून घ्या. तुमचे वडील दोनदा पडले म्हणता. त्यांच्या गोळ्यांची पिशवी एकदा डॉक्टरांच्या टेबलावर अख्खी ओतलीत का?

ते घरी आले आणि ऑक्टोबरपासून एकच धोशा लावला. "नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला मला दापोलीला जायचंय." ह्यांनी समजावलं की इकडूनही सोय होते, अंगठा इथेही घेतात. अप्पा म्हणाले, "मी जिवंत आहे हे मला तिथे जाऊन सांगायचंय." शेवटी गाडी केली आणि दोघांना घेऊन गेलो. दापोलीत बँकेत सही झाली, ओळखीच्या कारकुनाने चहा पाजला. घरी दोन दिवस राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी खळ्यात उभी, सामान चढलेलं, आई पुढे येऊन बसलेल्या, आणि अप्पा पडवीतल्या झोपाळ्यावरून उठेचनात. चिडले नाहीत, काही नाही. "तुम्ही निघा, उशीर होईल," एवढंच. दहा मिनिटांनी आई गाडीतून उतरल्या आणि आपली पिशवी काढून घेतली. ड्रायव्हर माझ्याकडे बघत होता. मी ह्यांना म्हटलं, चला.

हा "चला" मी म्हटलेला, म्हणून वन्संच्या लेखी सगळं माझ्यावर. "सुनेला नको होते म्हणून सोडून आली." असं त्या चार लोकांत बोलल्या आहेत, आणि आजही बोलतात.

सोडून आलो नव्हतो. मागल्या दाराची न्हाणी अंगण ओलांडून होती, ती बंद केली आणि पडवीच्या कोपऱ्यातच कमोडसकट न्हाणीघर बांधलं. उंबरा नाही, भिंतीला धरायला दांडे, फरशी खरखरीत. तेव्हा एक लाख दहा हजार लागले. वन्सं म्हणाल्या, दोन म्हाताऱ्यांसाठी एवढा खर्च? खाटेपासून तिथपर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा. वाडीतलं एक जोडपं मागच्या खोलीत राहायला घेतलं, महिना सात हजार, शिवाय पडलेले नारळ त्यांचे. पहिलं माणूस दीड महिन्यात मुंबईला पळालं, दुसऱ्याला पिण्याची सवय निघाली, हे तिसरं टिकलं. त्यामुळे "माणूस ठेवू" असं म्हणताना ते एका वाक्यात होतं असं समजू नका. महिन्यातून एकदा ह्यांची नाहीतर माझी फेरी व्हायची. दिव्याहून सावंतवाडीची गाडी पकडायची, खेडला उतरायचं, पुढे एसटी. पगारी माणूस कितीही चांगलं असलं तरी आपण अचानक जाऊन फ्रीज उघडायचा असतो.

आणि एटीएम कार्ड अप्पांना परत दिलं.

अप्पा त्यानंतर चार वर्षं चार महिने जगले. 2022 च्या शिमग्यात पालखी घरी आली, ती त्यांनी स्वतः ओवाळली. पंधरा दिवसांनी पहाटे छातीत दुखलं आणि दापोलीला नेताना रिक्षातच गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्य सरकारने 75 च्या वरच्यांना एसटीचा प्रवास फुकट केला. अप्पा असते तर रोज उगाच दापोलीला जाऊन आले असते.

वन्सं म्हणतात, डोंबिवलीत पाच मिनिटांवर हॉस्पिटल होतं, अप्पा वाचले असते. असतीलही. याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि गावी ठेवायचं म्हणजे ही शक्यता मान्य करून ठेवायचं. हे तुम्ही भावांनी आईवडिलांसमोर मोठ्याने बोला. न बोलता ठेवलंत तर पुढे वीस वर्षं एकमेकांच्या तोंडावर फेकाल.

वृद्धाश्रमाबद्दल. नावाने भडकणारी मी नाही. अप्पा डोंबिवलीत पडले त्या ऑगस्टनंतर बदलापूरच्या बाजूचे दोन मी स्वतः बघून आले, वन्संना न सांगता. बाग, देऊळ, भजन हे सगळे दाखवतातच. तुम्ही दुपारी चार वाजता न कळवता जा आणि अंथरुणाला खिळलेल्यांची खोली बघायला मागा. वास आला की बाहेर या. रात्री किती माणसं कामावर असतात आणि ती झोपतात कुठे, ते विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, माणूस पुढे चालेनासा झाला तर ठेवतात का? पहिल्याने स्वच्छ सांगितलं की आम्ही फक्त हिंडत्या-फिरत्यांना घेतो, पडले की तुम्ही घेऊन जायचं. म्हणजे ज्या दिवशी गरज लागणार त्या दिवशी ते नाहीत. दुसरा खरंच बरा होता. अप्पा एकटे असते आणि "जातो" म्हणाले असते तर मी ठेवलं असतं, आणि वन्संना खुशाल ओरडू दिलं असतं.

आता तुमच्या भावाचं. घर विकू नका. मी एका पतपेढीत सव्वीस वर्षं काउंटरवर आहे. मुलाबरोबर ठेव मोडायला येणारा म्हातारा मला दारातूनच ओळखू येतो, सही करताना तो माझ्याकडे बघत नाही. विकलेल्या घराचे पैसे "त्यांच्या नावावर" फार दिवस राहात नाहीत. दुसरी युक्ती बक्षीसपत्राची. महाराष्ट्रात राहतं घर मुला-नातवंडांना बक्षीस द्यायला मुद्रांक फक्त 200 रुपये पडतो, म्हणून सगळ्यांना घाई सुटते. करायचंच असेल तर "सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द दस्तात लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यात कलम 23 आहे, सांभाळ केला नाही तर असा दस्त रद्द करून मिळतो. पण अट लिहिलेली नसली तर भांडण होतं. सुप्रीम कोर्टाने 2022 च्या डिसेंबरात अट हवीच असं म्हटलं, 2025 च्या जानेवारीत एका आईच्या बाजूने कायदा सैलपणे वाचला. तुमच्या वडिलांना दिल्लीपर्यंत जायचंय का? तोंडी "बघतो हो आम्ही" ला काही किंमत नाही. कुलमुखत्यारपत्रावरही फार विसंबू नका, ते करून देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की कायद्याने ते संपतं. म्हणजे स्मृतिभ्रंश झाल्यावर वापरू म्हणून करून ठेवलंत तर नेमकं तेव्हाच चालणार नाही. बँकखातं दोघांपैकी कुणीही चालवू शकेल असं आताच करून घ्या आणि नॉमिनीचं नाव तपासा.

याच कायद्यात प्रांताधिकाऱ्याच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे पोटगी मागता येते, कमाल महिना 10,000 रुपये. पोटगी कुणाकडून, तर मुलांकडून. आणि "मुलं" म्हणजे मुलगा, मुलगी, नातू, नात. सून त्यात नाही. 2019 च्या दुरुस्ती विधेयकात सून-जावई घातले होते, ते मंजूर झालं नाही. वन्सं, तुम्ही हे वाचत असाल तर लक्षात घ्या, कायद्याने अप्पांची जबाबदारी तुमच्यावर होती, माझ्यावर नव्हती.

हां, एक राहिलं. माझ्या गोष्टीवरून "गावीच ठेवा" असं घेऊ नका. आमच्याकडे दोघं होते, आगर होतं, वाडीत माणसं होती. तुमच्या वाडीत निम्म्या घरांना कुलपं असतील तर हिशेब वेगळा. अप्पा गेल्यावर आई तिथे दीड वर्ष राहिल्या आणि एका गणपतीनंतर स्वतःच म्हणाल्या, "आता मी येते." मग आम्ही आमचा फ्लॅट भाड्याने दिला आणि पलीकडच्या गल्लीत तळमजल्याला भाड्याने आलो. सत्तरीच्या वरच्यांचं आयुष्मान कार्ड त्यांचं काढलंय, 2024 पासून त्याला उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार. तुमच्या आईवडिलांचंही काढा, त्यासाठी बैठक लागत नाही.

बैठक ज्यासाठी लागते ती मात्र दोघांना वेगवेगळं बसवून घ्या. आईला स्वयंपाकघरात, वडील बाहेर असताना. आमच्या आईंना मी 2023 मध्ये सहज विचारलं, तेव्हा गाडीतून का उतरलात? म्हणाल्या, "मला तर डोंबिवली आवडत होती. पण ते एकटे कसे राहणार?" सहा वर्षं मला वाटत होतं की त्याही घरी परतायला आतुर होत्या.

आणि शहरात आणायचं ठरलंच तर घर बघायला जाताना मोजपट्टी घेऊन जा. या तळमजल्याच्या घरी आईंसाठी आणलेला वॉकर पहिल्याच दिवशी बाथरूमच्या दारात अडकला, दोन इंचांनी. घरमालक चौकट काढू देईना. शेवटी दार बिजागरीतून उतरवून पडदा लावला, तो अजून आहे.