मंदी आली की सरकारी कंपनीच्या कामगारांनी पगार कमी घ्यावा का?

तुम्ही विचारलंय की मंदीत खासगीवाल्यांचे पगार कापले जातात, नोकऱ्या जातात, मग सरकारी कंपनीतल्या लोकांनी पण थोडी कपात का सोसू नये. मी एका सरकारी कंपनीच्या पगार विभागात बरीच वर्षं काढली, आता रिटायर आहे, त्यामुळे यात माझं स्वतःचं काही अडकलेलं नाही, पण पगारपत्रकं इतकी हाताखालून गेलीत की यावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

माझं उत्तर असं की सोसावी, पण तोटा खरंच मंदीमुळे झाला असेल तर. मालकाने म्हणजे सरकारनेच कंपनीचे हातपाय बांधून ठेवले असतील आणि मग भरपाई ड्रायव्हर, कंडक्टर, लाइनमनच्या पगारातून करायची असेल तर अजिबात नाही. हा फरक करायला कोणी तयारच नसतं, टीव्हीवरची चर्चा तर सरळ "जनतेच्या पैशावर किती दिवस पोसायचे" इथूनच सुरू होते.

एसटीचंच घ्या. 2020 ला लॉकडाऊन लागला, गाड्या आगारात उभ्या राहिल्या, उत्पन्न बंद झालं, ते संकट खरंच होतं. पण एसटी त्याच्या कितीतरी आधीपासून तिकिटावर 17.5 टक्के प्रवासी कर सरकारला भरत आलीय, सवलती सरकार जाहीर करतं आणि त्यांचे पैसे सरकारकडून कधी येतील याची वाट एसटीने बघायची, भाडं वाढवायचं तर परवानगी लागते, आणि आडबाजूच्या गावची तोट्यातली फेरी बंद करायची सोय नाही (ती बंद करूही नये, गावातल्या पोरी शाळा-कॉलेजला त्याच गाडीने जातात). म्हणजे हा तोटा बऱ्याच अंशी समाजसेवेचा खर्च आहे आणि तो सरकारच्या बजेटमधून जायला हवा. पण त्या काळात पगार रखडले ते कोणाचे, तर मुंबईत अत्यावश्यक सेवेच्या फेऱ्या मारणाऱ्यांचे, मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत नेऊन सोडणाऱ्यांचे. मग ऑक्टोबर 2021 च्या शेवटी जो संप पेटला तो एप्रिल 2022 पर्यंत धुमसत राहिला. लोकांना फक्त विलीनीकरणाची, म्हणजे एसटी सरकारात विलीन करून आम्हाला सरकारी कर्मचारी करा ही मागणी आठवते, पण नोव्हेंबर 2021 मधे सरकारने मूळ पगारात जी वाढ दिली ती बघा ना, 10 वर्षांपर्यंत नोकरी झालेल्याला 5000, 10 ते 20 वर्षंवाल्याला 4000 आणि त्यापुढच्याला 2500. सगळ्यात मोठी वाढ सगळ्यात नव्या माणसाला द्यावी लागली, यावरूनच कळतं की खालचा पगार किती तोकडा होता. अशा माणसाला मंदी आहे, अजून थोडं कमी घे, हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

बीएसएनएलची गोष्ट वेगळी पण मुद्दा तोच. उत्पन्नातला 75 टक्क्यांच्या आसपास हिस्सा पगारावर जातो, हा आकडा सगळीकडे फिरवला गेला. अहो पण हा भागाकार आहे, खाली उत्पन्न आहे, ते का आटलं ते पण बघाल की नाही? सप्टेंबर 2016 ला जिओ आलं, बाकीच्या कंपन्या 4जी विकत होत्या, आणि बीएसएनएलला 4जी स्पेक्ट्रम (त्या सेवेला लागणाऱ्या रेडिओ लहरी) द्यायचा निर्णय ऑक्टोबर 2019 च्या पॅकेजमधे झाला. तोवर ग्राहक निघून गेले होते. 31 जानेवारी 2020 ला 78 हजारांवर माणसं एकाच दिवशी व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊन घरी गेली. आधी सगळ्यांचे पगार 20 टक्के कापले असते तरी 4जी नसलेल्या कंपनीकडे कोण परत आलं असतं? शिवाय केंद्राच्या कंपन्यांमधे 2017 च्या पगारवाढीला नफ्याची अट होती, तोट्यातल्या कंपन्यांना ती मिळालीच नाही, त्यामुळे सरकारी कंपनीतला माणूस काहीच सोसत नाही हे मुळातच चूक आहे.

आता पगारपत्रकाचं सांगतो, कारण समजा 15 टक्के कपात झाली तर ती म्हणजे किती हे बाहेरून कळत नाही. समजा एखाद्याचा ग्रॉस, म्हणजे पीएफ-हप्ते जायच्या आधीचा एकूण पगार, 42 हजार आहे. पीएफ 4 हजार, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता साडेसात हजार, एलआयसी दीड हजार, घराचा हप्ता 11 हजार. घरात चूल पेटवायला उरले 18 हजार. 15 टक्के कपात झाली की 6300 गेले, आणि ते सगळे या 18 मधूनच जातात कारण हप्ता काही 15 टक्क्यांनी कमी होत नाही. म्हणजे कागदावर 15 टक्के आणि घरात एक तृतीयांशापेक्षा जास्त. त्यात कपात मूळ पगारात केली तर पीएफही घटतो, आणि जो नेमका त्याच वर्षी रिटायर होतो त्याची ग्रॅच्युइटी शेवटच्या मूळ पगार अधिक डीएवर (महागाई भत्त्यावर) निघते, त्याचं नुकसान कायमचं.

म्हणून कपात करायचीच झाली तर भत्त्यांमधे करावी आणि वरून सुरू करावी. एअर इंडिया सरकारी होती तेव्हा जुलै 2020 मधे साधारण हेच केलं, बेसिक, डीए आणि घरभाडं तसंच ठेवलं, बाकीचे भत्ते कापले, आणि ज्यांचा ग्रॉस 25 हजारांपर्यंत होता त्यांना हात लावला नाही. विमानं जमिनीवर होती, खासगी इंडिगोने त्याच महिन्यात 10 टक्के माणसं कमी करतोय असं जाहीर केलं, तेव्हा ही मंदी खरी होती आणि मला ती कपात पटते. पण वैमानिकांच्या संघटना चिडल्या त्याचं कारणही पटतं, त्यांचं म्हणणं होतं की आमचं एवढं कापताय आणि वरच्या डायरेक्टर लोकांचं नाममात्र. वरच्याचं आधी आणि जास्त कापलं की खालचा माणूस फार खळखळ करत नाही, हे मी स्वतः बघितलंय.

जर्मनीत फोक्सवॅगनचं उदाहरण मला फार आवडतं. त्या कंपनीत लोअर सॅक्सनी राज्य सरकारची 20 टक्के मतं आहेत. 1993 ला हजारो नोकऱ्या जायची वेळ आली तेव्हा कामगार संघटनेशी बसून आठवड्याचे तास 36 वरून 28.8 वर आणले, पगार घटला, पण त्याबदल्यात दोन वर्षं कोणाला काढणार नाही हे लेखी मिळालं. तास कमी, पगार कमी, नोकरी पक्की. आपल्याकडे काम तेवढंच ठेवून, किंबहुना माणसं घटल्यामुळे वाढवून, पगार तेवढा कमी करायचं बोलतात.

तुमच्या घरात कोणी सरकारी कंपनीत असेल आणि असं सर्क्युलर निघालं तर बेसिकला हात लागतोय का, अधिकाऱ्यांचं किती टक्के जातंय आणि संपायची तारीख दिलीय का, एवढं युनियनकडून लेखी मागून घ्या. थकबाकीचं तर आवर्जून विचारा, कारण केंद्राने एप्रिल 2020 मधे आपल्या कर्मचाऱ्यांच्या डीएचे तीन हप्ते गोठवले, जुलै 2021 ला डीए 17 वरून 28 टक्के झाला, पण मधल्या 18 महिन्यांची थकबाकी कर्मचाऱ्यांना मिळाली नाही.